पुन्हा अंतरा

दीपमालानं सोमवारी सकाळी सांबार, म्हणजे कोथिंबीर, निवडता निवडता ओल्या बोटानंच मेसेज पाठवला, आणि मग तिला वाटलं, निदान बोट तरी आधी पुसायला हवं होतं.

मेसेज काही मोठा नव्हता. "शेखरभाऊ, गाणं छान निवडलं. अंतऱ्यात वरच्या जागी सूर उतरतो, तिथे घाईही होते. एकदा पुन्हा करून बघा." एवढंच. पण 'सूरसंगत परिवार' या ग्रुपवर असलं काही आजवर कुणी लिहिलं नव्हतं. तिथली रीत ठरलेली होती. सकाळी ज्यानं त्यानं कॅराओकेवर गायलेलं आपलं गाणं टाकायचं, आणि बाकीच्यांनी ऐकलेलं असो वा नसो, टाळ्या, गुलाब आणि जोडलेले हात पाठवायचे. चार मिनिटांच्या गाण्याला दुसऱ्याच मिनिटाला 'अप्रतिम' येऊन पडायचं. अमरावती आणि अकोला मिळून दीडशेच्या वर माणसं. डॉक्टर, प्राध्यापक, निवृत्त साहेब, दुकानदार, आणि एकजात सगळे अप्रतिम.

अ‍ॅडव्होकेट शेखर देशपांडे हे या परिवाराचे कर्ते पुरुष. अकोल्यात वकिली, आवाज खरोखर गोड, आणि माणूस हौशी. दरवर्षी अकोल्याला सभागृह घेऊन ते ग्रुपचा कार्यक्रम करत. कोण कधी गाणार, कुणाला कोणतं गाणं, पडदा कोणत्या रंगाचा, सगळं तेच ठरवत आणि त्यासाठी राबतही. चार वर्षं कोरसमध्ये उभ्या राहिलेल्या दीपमालाला यंदा त्यांनीच एकटीचं गाणं दिलं होतं. कार्यक्रम येत्या रविवारी होता. साडीला इस्त्री झाली होती, आणि तिच्या आईनं, सुंदराबाईनं, आपलं नवं पातळ आधीच उशाशी काढून ठेवलं होतं.

नवरा गेल्यावर आणि मुलगी पुण्याला नोकरीला लागल्यावर दीपमालाच्या अमरावतीतल्या घरात बोलणारी माणसं दोनच उरली होती. दिवसभर जिल्हा परिषदेत फायली, संध्याकाळी आई आणि टीव्ही. त्यात हा ग्रुप आला तेव्हा तिला कुणीतरी खिडकी उघडल्यासारखं झालं होतं. तिला तो ग्रुप मनापासून आवडत होता. म्हणून तर तिनं ते लिहिलं. नावडत्या माणसाच्या गाण्याला तीही गुपचूप टाळ्याच पाठवत असे.

सांबार धुऊन झालं तोवर ग्रुप गप्प होता. मग किशोरचा फोन आला. किशोरचं राजापेठेत औषधांचं दुकान होतं आणि तो शेखरभाऊंच्या जोडीला ग्रुपचा दुसरा अ‍ॅडमिन होता.

"ताई, काय करून राहिल्या तुमी?"

"सांबारवडी करून राहिली. येतं का खायले?"

"मस्करी नका करू. ग्रुपवर काय लिहून ठेवलं? अजून डिलीट होते, लवकर करून टाका."

"काहून? खोटं हाये का?"

"खोटं कोन म्हनते? मले बी तो सूर खटकला कानाले. पन असं चारचौघात लिहितेत का?"

"गानं चारचौघात टाकलं ना त्याईनं?"

किशोरच्या दुकानात गिऱ्हाईक आलं असावं. "पाहा बाप्पा," म्हणून त्यानं फोन ठेवला.

दुपारपर्यंत ग्रुपला कंठ फुटला. आधी शेखरभाऊंच्या गाण्याखाली फुलांचा एवढा ढीग पडला की तिचा मेसेज वर कुठल्या कुठे गेला. मग बिननावाची बोलणी सुरू झाली. काही लोकांना दुसऱ्याचं चांगलं बघवत नाही. आपण इथे आनंदासाठी येतो, परीक्षा द्यायला नाही. आणि मग नारायणराव, बँकेतून निवृत्त झालेले, सगळ्यांना सुप्रभात घालणारे सज्जन गृहस्थ, यांनी लिहिलं, "प्रत्येकाला संगीताचे संस्कार मिळालेले असतातच असं नाही. आपण समजून घ्यावं."

दीपमालानं ते वाक्य दोनदा वाचलं. त्याला पुढे हात जोडलेले होते. 'संस्कार' हा शब्द नारायणरावांनी कुठून आणला आणि नेमका कुणासाठी ठेवला, हे तिला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. सरकारी कचेऱ्यांत तिचं आयुष्य गेलं होतं. गोड आवाजातलं असलं बोलणं तिला लांबून ओळखू यायचं. तिचे कान तापले.

तिनं लिहिलं, "परिवारात चुकलं तर आधी घरचेच सांगतात. बाहेरच्यांनी हसायच्या आधी." याच्यावर कुणी काही लिहिणार, तेवढ्यात अ‍ॅडमिननं ग्रुप बंद केला. आता फक्त अ‍ॅडमिनच लिहू शकत होते. शेखरभाऊंनी लांबलचक निवेदन टाकलं, त्यात 'सकारात्मकता' हा शब्द पुन्हा पुन्हा होता. संध्याकाळी दीपमालानं फोन उघडला तेव्हा तिला ग्रुपमधून काढून टाकलेलं होतं.

ती तशीच खाटेवर बसून राहिली. रडू आलं नाही. वडील आठवले.

दीपमालाचे वडील देवराव तायडे धामणगाव रेल्वे या गावी कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला होते, आणि संध्याकाळी त्यांची भीमगीतांची गायन पार्टी होती. विहाराच्या ओसरीवर तालीम चाले. देवराव पेटीवर, सुंदराबाई खंजिरीवर, मागे पाचसहा जण कोरसला. कुणाचा सूर चुकला की देवराव पेटीवर तळहात आपटत आणि सगळं थांबे. मग ते सगळ्यांसमोर सांगत, कुठे चुकलं. दहा वर्षांची दीपमाला एकदा भर तालमीत रडली होती, तेव्हा ते म्हणाले होते, "लोकाईनं आयकाच्या पयले आपून आयकाव ना, बाई." पण त्या पार्टीत आणखी एक रीत होती. ज्यानं चूक काढली त्यानं उठून जायचं नाही. ती जागा सुरात बसेपर्यंत चुकणाऱ्याच्या शेजारी बसून ठेका धरायचा, मग चहा निवला तरी चालेल. त्या दिवशी देवराव पेटी सोडून तिच्या शेजारी येऊन बसले होते आणि बाकीचे सगळे ताटकळले होते.

बुधवारी संध्याकाळी किशोर घरी आला. गाडी लावली, हेल्मेट हातातच ठेवलं, आणि खुर्चीच्या कडेवर बसला.

"ताई, मी मधात पडलो. शेखरभाऊ ऐकाले तयार हायेत. आज आठ वाजता मी तुमाले ग्रुपात घेतो, ग्रुप खुला करतो. तुमी फक्त दोन ओळी टाका. रविवारचं गानं तुमचंच राहीन."

"कोनत्या दोन ओळी?"

त्यानं फोन पुढे केला. मजकूर शेखरभाऊंनीच करून दिला होता. "माझ्या अल्पमतीनुसार मी व्यक्त केलेल्या अनुचित अभिप्रायाबद्दल मी संपूर्ण परिवाराची विनाशर्त क्षमा मागते." कोर्टात द्यावी तशी माफी होती, खाली सही तेवढी राहिली होती.

"अल्पमती," दीपमाला म्हणाली.

"लिहाची पद्धत हाये ती."

"मले माहीत हाये पद्धत. मी बी कचेरीतच हावो."

किशोर चपापला. तो वाईट माणूस नव्हता. त्याला सगळे एकत्र बसून गाताना हवे होते, इतकंच. "तुमच्या मायले किती हौस हाये पाहा," तो हळूच म्हणाला, आणि हा बाण मात्र बरोबर लागला. सुंदराबाई आतल्या दारात उभी होती. तिनं सगळं ऐकलं होतं.

किशोर गेल्यावर सुंदराबाई येऊन बसली. वय झालं होतं, गुडघे गेले होते, कान मात्र शाबूत होते.

"लाव बरं त्या वकिलाचं गानं."

दीपमालानं लावलं. सुंदराबाईनं डोळे मिटून पूर्ण ऐकलं. परिवारातल्या दीडशे जणांपैकी इतक्या निगुतीनं ते क्वचितच कुणी ऐकलं असेल.

"पोरगा गोड गाते," ती म्हणाली. "वरतं गेला की पडते. तू बरोबर सांगतलं."

दीपमालाला बरं वाटलं. तेवढ्यात आई म्हणाली, "आता तुयं लाव. रयवारचं."

तेही लावलं. गेल्याच महिन्यात ग्रुपवर टाकलेलं, टाळ्यांनी न्हाऊन निघालेलं. सुंदराबाईनं पुन्हा डोळे मिटले. गाणं संपल्यावर तिनं फोन बाजूला सारला.

"तू तं ओळीच्या मधातच दम घेतं, दीपे. शबुद तुटते. बापानं आयकलं असतं तं पेटी आपटली असती."

दीपमालाच्या तोंडावर कुणी पाणी मारल्यासारखं झालं. "महिना झाला माय तुले आयकवून! आजवर बोलली काहून नाही?"

"तू इचारलं कवा? तू तं मले टाळ्या दाखवत व्हती. इतक्या आल्या, तितक्या आल्या."

दीपमाला उठून स्वयंपाकघरात गेली. तिला राग आला, आणि तो आईचाच आला. वर्षानुवर्षं शेजारी बसून खंजिरी वाजवलेल्या बाईनं आत्ता, कार्यक्रमाला चार दिवस असताना हे सांगावं? तिनं कुकर उगाच घासला. मग तिनं फोन ओट्यावर ठेवून आपलंच गाणं पुन्हा लावलं. दम ऐकू आला. एकदा ऐकू आल्यावर तर दुसरं काही ऐकूच येईना. आणि मग तिला समजलं की शेखरभाऊंना सोमवारी सकाळी हेच, असंच लागलं असणार. शिवाय तिनं ते लागेल असं लिहून फोन खाली ठेवला होता आणि सांबार निवडायला मोकळी झाली होती. वडिलांच्या रीतीतला अर्धाच भाग तिनं पाळला होता, त्यातला सोपा अर्धा.

आठाला पाच कमी असताना ती बाहेर आली आणि आईच्या खाटेवर बसून लिहू लागली. सुंदराबाईला वाचता येत नव्हतं, म्हणून प्रत्येक ओळ ती मोठ्यानं म्हणत होती. एका ठिकाणी सुंदराबाई म्हणाली, "बापाचं नाव टाक. पुरं टाक." तिनं टाकलं.

"मंग रयवारचं गानं जाईन तुयं," सुंदराबाई म्हणाली. लेकीला थांबवायचं होतं असं नाही. कळलंय ना, एवढंच तिला बघायचं होतं.

"जाईन."

"मंग पाठव."

आठ वाजता किशोरनं तिला ग्रुपमध्ये घेतलं. ग्रुप खुला झाला. सगळे माफीची वाट पाहत बसले होते. नारायणरावांनी तर आगाऊच जोडलेले हात पाठवून ठेवले होते. दीपमालानं आधी आपलं गाणं टाकलं. त्याखाली हे आलं:

"हे माझं रविवारचं गाणं. यात मी ओळीच्या मधेच दम घेते आणि शब्द तुटतो. मला हे आज माझ्या आईनं सांगितलं. इथे हेच गाणं टाकलं तेव्हा सगळ्यांनी अप्रतिम म्हटलं होतं. शेखरभाऊंचा अंतऱ्यात सूर उतरतो असं मी लिहिलं, ते मी मागे घेत नाही. पण नुसतं लिहून मी मोकळी झाले, ते माझं चुकलं. धामणगाव रेल्वेच्या देवराव तायडे यांच्या गायन पार्टीत रीत होती की जो चूक काढेल त्यानं ती जागा बसेपर्यंत शेजारी बसायचं. मी त्यांची मुलगी. मी बसायला तयार आहे. माझ्या शेजारी कोण बसतं ते तुम्ही सांगा. संस्कार म्हणाल, तर मला मिळाले ते हे आहेत."

गुलाबसुद्धा आला नाही. मग शेखरभाऊंनी तिचा मजकूर पुसला, गाणं पुसलं, आणि तिला पुन्हा काढून टाकलं. पण मजकूर पुसेपर्यंत तो वाचून होण्याइतका वेळ गेला होता.

दुसऱ्या दिवशी किशोरचा फोन आला. "मलेबी अ‍ॅडमिनवरून काढलं, ताई."

"राग आला?"

"आला ना. रातभर आला. मंग सकाळी दुकानात तुमचं गानं पुन्हा लावलं, माह्या फोनात उतरलंच व्हतं." तो थांबला. "दम तं घेता बाप्पा तुमी."

दीपमाला हसली, सोमवारनंतर पहिल्यांदाच.

शुक्रवारी स्वरालीचा मेसेज आला. स्वराली राजापेठेत एका क्लासमध्ये गणित शिकवायची आणि ग्रुपवर फारशी बोलत नसे. तिनं फक्त आपलं गाणं पाठवलं आणि खाली लिहिलं, "मॅडम, टाळ्या नका पाठवू. कसं झालं ते सांगा." दीपमालानं उत्तर दिलं, "असं फोनवर नाही सांगत. घरी ये." क्लास सुटल्यावर ती आली, शनिवारी किशोरला घेऊन पुन्हा आली, आणि सुंदराबाईनं तिघांनाही जे बोलायचं ते बोलून घेतलं. किशोरचा ताल कच्चा निघाला. तो पार हिरमुसला आणि चहाचे दोन कप पिऊन गेला.

पण रविवार उजाडला तो अकोल्याच्या कार्यक्रमाचा रविवार होता, आणि दीपमालाला वाईट वाटलं. खूप वाईट वाटलं. इस्त्रीची साडी कपाटात तशीच टांगलेली होती. किशोर आणि स्वराली अकोल्याला गेले होते. त्यांची गाणी ठरलेली होती आणि त्यांनी जावं असं तिनंच सांगितलं होतं. शंभरदा तीच वेळ आली असती तरी तिनं तेच केलं असतं, पण म्हणून रविवार काही छोटा होत नव्हता.

दुपारी ती बाहेरच्या खोलीत आली तर सुंदराबाई नवं पातळ नेसून खुर्चीत बसली होती. केस विंचरलेले, पदर नीट.

"कुठं निघाली, माय?"

"कुठं नाई. आयकाले बसली. गाय."

दीपमाला तिच्यासमोर उभी राहिली. घरच्याच साडीत, पंख्याच्या आवाजात, ती गायली. पहिलं कडवं नीट गेलं. दुसऱ्यात एके ठिकाणी दम तुटला आणि सुंदराबाईनं तळहात वर केला.

"पुन्हा."

ती पुन्हा सुरू करणार तोच फोन थरथरला. शेखर देशपांडे. नमस्कार नाही, मजकूर नाही. फक्त आवाजाची एक छोटी पट्टी.

"कोन हाये?" सुंदराबाईनं विचारलं.

"वकीलसाहेब."

"माफी मांगून राहिला?"

"नाही."

"तुले मांग म्हनून राहिला?"

"नाही. गानं दिसते."

"मंग लाव ना."

फक्त अंतरा होता. दबक्या आवाजात, बहुतेक रंगमंचामागे कुठेतरी कोपऱ्यात उभं राहून गायलेला. मागे कुणीतरी माइकवर "हॅलो, हॅलो" करत होतं, खुर्च्या ओढल्याचे आवाज येत होते. घाई गेली होती. वरच्या जागी जाताना आवाज सावध झाला, चढला, आणि काठाशी येऊन पुन्हा थोडासा खाली आला. मागच्याइतका नाही, पण आला.

दीपमालाचा अंगठा फोनवर थांबला. तासाभरात ते सभागृहापुढे उभे राहणार होते. ऐन वेळी माणसाला धीर द्यावा, तो काही गुन्हा नाही. टाळ्यांचं चित्र ओळीत सगळ्यात पहिलं होतं, कारण तेच सगळ्यात जास्त वापरलेलं होतं. एवढं एक पाठवलं की उद्या सकाळी ती ग्रुपमध्ये असेल, हे तिला पक्कं ठाऊक होतं. आईच्या नव्या पातळाकडे तिनं एकदा पाहिलं.

मग तिनं लिहिलं, "घाई गेली. सूर अजून उतरतो, पण आता थोडाच. वर जायच्या आधी दम भरून घ्या. मी पण तेच शिकते आहे. पुन्हा पाठवा, मी इथेच बसले आहे."

खुणा निळ्या झाल्या. पंखा फिरत राहिला. बराच वेळ पलीकडून काहीच आलं नाही, आणि दीपमालानं मनातल्या मनात ग्रुपचा, साडीचा आणि पुढच्या वर्षीच्या कार्यक्रमाचाही निरोप घेऊन टाकला. मग शेखरभाऊंच्या नावाखाली बारीक अक्षरं उमटली. ते रेकॉर्ड करत होते.

सुंदराबाईनं हात लांबवून शेजारच्या डब्याचं झाकण खंजिरीसारखं मांडीवर पालथं घेतलं आणि त्यावर बोटं जुळवली. दीपमालानं फोन मधे ठेवला, खुर्ची ओढली आणि आईच्या शेजारी बसली.